बनावट अँटिव्हायरस : ओळखायचा कसा, काढायचा कसा, पैसे कुठे अडवायचे

विंडोज एक्सपीच्या जमान्यात कॉम्प्युटर वापरलेल्यांना हा देखावा आठवेल. एखादी साइट उघडली की ब्राउझरमध्येच 'माय कॉम्प्युटर'ची खिडकी दिसायची. त्यात सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, खाली भराभर सरकणारी हिरवी पट्टी आणि काही सेकंदांत लाल अक्षरांतला निकाल: इतके ट्रोजन, इतके स्पायवेअर, धोका गंभीर, आत्ताच साफ करा. ते स्कॅन नव्हतंच, नुसतं हलतं चित्र होतं. आपण स्वतः फाइल निवडून दिल्याशिवाय वेबपेजला आपल्या हार्ड डिस्कवरचं काही वाचता येत नाही. ब्राउझर ते करूच देत नाही. मॅक आणि लिनक्सवाल्यांनाही हीच खिडकी दिसायची. त्यांच्या मशीनवर सी ड्राइव्ह नसतोच, तरी तो व्हायरसने भरलेला निघायचा.

खरा व्हायरस लपून बसतो. बनावट अँटिव्हायरस मात्र स्वतःहून समोर येतो, कारण त्याला तुमच्याकडून काहीतरी करून घ्यायचं असतं: कार्डाचा नंबर भरणं, दिलेल्या नंबरावर फोन करणं, नाहीतर एखादं बटण दाबणं. गेल्या वीस वर्षांतली प्रकरणं एकापाठोपाठ पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. हा प्रश्न तंत्रापेक्षा व्यापाराचा जास्त आहे. मशीन साफ करणं तुलनेने सोपं. ज्या वाटेने पैसे जातात ती वाट अडवली नाही, तर उद्या तोच माल नव्या नावाने दुसऱ्याच्या पडद्यावर येतो. म्हणून बँकेला फोन करणं आणि तक्रार नोंदवणं हा साफसफाईचाच भाग आहे, असं मी मानतो. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो तेव्हा त्या वाटेवरची वर्दळ तशीच चालू राहते.

या धंद्याचं सर्वांत मोठं आणि नीट नोंदलं गेलेलं उदाहरण म्हणजे इनोव्हेटिव्ह मार्केटिंग ही कंपनी. नोंदणी बेलीझमध्ये, कामकाज युक्रेनच्या कीव्हमध्ये. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही सगळी तिचीच अपत्यं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये तिला कोर्टात खेचलं, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी हा माल विकत घेतल्याचं समोर आलं. जाहिराती मोठ्या साइट्सवर पोचवायची तिची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण नावाजलेल्या कंपन्यांच्या आणि संस्थांच्या वतीने जाहिरात देतोय, असं जाहिरात-जाळ्यांना सांगायचं. जाहिरातीत असा कोड घालायचा की तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना साधी, सभ्य जाहिरात दिसावी आणि वाचकाला मात्र खोट्या स्कॅनच्या पानावर ढकललं जावं. विक्रीनंतर ग्राहकाची कटकट झेलायला कॉल सेंटरं होती. ओहायोत होती, तशी भारतातही होती. २०१२ मध्ये या प्रकरणातल्या एका प्रतिवादीविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला.

'वाह्यात साइट्सवर गेलात म्हणून झालं' असं फसलेल्या माणसाला ऐकवलं जातं. ते अन्यायाचं आहे. सप्टेंबर २००९ मध्ये थेट न्यू यॉर्क टाइम्सच्या साइटवर अशी जाहिरात चढली होती. ती आधी एका इंटरनेट-टेलिफोन कंपनीच्या नावाने घेतली गेली आणि शनिवार-रविवार गाठून तिने रूप बदललं. मिनिॲपोलिसच्या स्टार ट्रिब्यून या दैनिकाच्या साइटवरही तसंच घडलं. तिथे एका हॉटेल-साखळीचं नाव वापरलं होतं. जगातलं अत्यंत विश्वासाचं वर्तमानपत्र वाचणारा माणूस त्यात सापडत असेल, तर दोष वाचकाच्या सवयींत शोधण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॉन्फिकर या गाजलेल्या किड्याची नवी आवृत्ती आली आणि लागण झालेल्या मशीनवर तिने स्पायवेअर प्रोटेक्ट २००९ नावाचा बनावट अँटिव्हायरस उतरवला. किंमत ४९.९५ डॉलर. म्हणजे जगभरचे तज्ज्ञ ज्याच्या मागे लागले होते, त्या किड्यालाही शेवटी कमाईसाठी हाच मार्ग सोयीचा वाटला.

गूगलच्या संशोधकांनी २०१० मध्ये २४ कोटी वेबपानं तपासून अशा मालाच्या प्रसारात गुंतलेली ११ हजारांहून अधिक डोमेन नावं शोधली. पण मला त्याहून बोलका वाटतो तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या गटाचा २०११ चा अभ्यास. त्यांच्या हाती बनावट अँटिव्हायरस विकणाऱ्या तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरचा हिशेबच लागला. तिघींची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर होती. शंभर मशीनवर माल उतरला की साधारण दोन जण पैसे भरत. तेवढ्यावर सगळं भागत होतं. माल पसरवणाऱ्या दलालांना दर विक्रीमागे घसघशीत कमिशन मिळे. आणि या टोळ्या तक्रार करणाऱ्यांना पैसे परत देत होत्या! त्यामागे हिशेब होता. ग्राहकांनी बँकेमार्फत व्यवहार उलटवायला सुरुवात केली आणि त्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेलं, तर कार्ड कंपन्या त्या व्यापाऱ्याचं खातं बंद करतात. ती मर्यादा जवळ आली की टोळी आपणहून परतफेड वाढवायची. पोलिसांपेक्षा त्यांना बँकेतली तक्रार जास्त जाचक वाटत होती.

२०११ च्या उन्हाळ्यात ते खरंही ठरलं. त्या मे महिन्यात मॅक डिफेंडर नावाच्या मालाने ॲपलच्या ग्राहकांनाही गाठलं. गूगलवर चित्रं शोधताना लोक त्याच्या पानावर जाऊन पोचत. 'मॅकला व्हायरस लागत नाही' या समजुतीत वाढलेल्यांची तारांबळ उडाली आणि ॲपलला ३१ मे रोजी खास सुरक्षा अपडेट काढावा लागला. जूनमध्ये एफबीआयने इतर देशांच्या पोलिसांबरोबर दोन टोळ्यांवर छापे घातले. त्यातल्या एकीने ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर उकळल्याचा अंदाज होता. त्याच सुमारास पैसे पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थांवरही दबाव आला. त्यानंतर हा धंदा झपाट्याने आटला आणि गुन्हेगार फायली ओलीस ठेवण्याच्या धंद्याकडे वळले. इतकी वर्षं वापरकर्त्यांना केलेल्या उपदेशाने जे साधलं नव्हतं, ते पैशाची वाट अरुंद झाल्यावर काही महिन्यांत साधलं.

खरं आणि बनावट यांतली सीमारेषा आता पूर्वीइतकी स्पष्ट राहिलेली नाही, कारण नावारूपाला आलेल्या दुकानांनीही भीती दाखवून विकायचं तंत्र उचललं. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली स्टेशनरी आणि कॉम्प्युटरची मोठी साखळी. तिच्या दुकानांत 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्राम मोफत चालवून दिला जाई. सुरुवातीला चार प्रश्न: पॉपअप वारंवार येतात का, मशीन मंद चालतं का, व्हायरसचे इशारे दिसतात का, मशीन मधेच बंद पडतं का. यातल्या एका जरी चौकटीत खूण केली की स्कॅनचा निकाल आधीच ठरलेला असे: व्हायरसची लक्षणं सापडली. मशीनवर खरोखर काय आहे याच्याशी त्या निकालाचा संबंध नव्हता. मग दुरुस्तीचं पॅकेज विकलं जाई, काही वेळा ३०० डॉलरपर्यंतचं. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघींनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून फेडरल ट्रेड कमिशनने केलेलं फसवणुकीचं प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये सायप्रसमधल्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. चकाचक दुकान आणि गणवेशातला कर्मचारी पाहून विश्वास टाकणाऱ्यांना 'भोळे' म्हणणं मला पटत नाही.

मोबाइलवरची तऱ्हा वेगळीच. एप्रिल २०१४ मध्ये गूगलच्या प्ले स्टोअरवर 'व्हायरस शील्ड' नावाचं ॲप विक्रीच्या यादीत वर चढलं. किंमत ३.९९ डॉलर, दहा हजारांहून जास्त खपलेलं. त्याचा कोड उलगडल्यावर कळलं की ते एकच काम करतं: बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन तिथे बरोबरची खूण येते. बाकी काही नाही. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या चाचणी संस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडवरचे २५० अँटिव्हायरस तपासले. त्यांतल्या फक्त ८० ॲप्सना नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक व्हायरस ओळखता आले. उरलेल्यांतली कित्येक ॲप्स आतला कोड बघतच नव्हती; मान्यताप्राप्त नावांची एक यादी ठेवायची आणि त्या यादीत नसलेलं प्रत्येक ॲप धोकादायक ठरवायचं. काहींच्या कर्त्यांनी त्या यादीत स्वतःचंच नाव घातलं नव्हतं, म्हणून ती ॲप्स स्वतःलाच व्हायरस म्हणत होती.

आज आपल्याकडे हा प्रकार बहुधा दोन वाटांनी येतो. पहिली वाट ब्राउझरच्या नोटिफिकेशनची. फुकट सिनेमा, क्रिकेटचं थेट प्रक्षेपण किंवा क्रॅक सॉफ्टवेअर देणाऱ्या साइटवर 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा, अलाउ दाबा' असं येतं. दाबलं की त्या साइटला कधीही नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळते. मग पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर इशारे झळकतात: तुमचं मॅकॲफी संपलं, पाच व्हायरस सापडले, आजच रिन्यू करा. मशीनवर मॅकॲफी कधी टाकलेलंच नसतं. दुसरी वाट फोनची. पूर्ण पडदा व्यापणारं निळं-लाल पान, भोंग्याचा आवाज, 'विंडोज डिफेंडर'चं चिन्ह आणि एक फोन नंबर. फोन लावला की पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो आणि मशीनचा ताबा घेतो. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून तिथल्या लाल-पिवळ्या नोंदी दाखवतो. अशा नोंदी प्रत्येक धडधाकट विंडोजवर असतात, हे त्याला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या ६९ टक्के लोकांनी आपल्याला अशा फसवणुकीचा सामना करावा लागल्याचं सांगितलं होतं. ही कॉल सेंटरं आपल्या देशातही चालतात. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये अनेक राज्यांत छापे घातले होते.

ओळखण्यासाठी इशाऱ्याच्या रूपाकडे बघून फारसं काही हाती लागत नाही. चिन्हं, रंग, भाषा सगळं हुबेहूब उचलता येतं. त्याची मागणी काय आहे ते बघावं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्टने वारंवार सांगितलं आहे. खरा अँटिव्हायरस भोंगा वाजवत नाही, घड्याळ लावून उलटे आकडे मोजत नाही, गिफ्ट कार्ड मागत नाही. रिन्यूअलची आठवण अस्सल कंपन्याही करतात, काही जरा जास्तच चिवटपणे. तेव्हा ती खिडकी बंद करून कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडावी आणि मुदत तिथे तपासावी. इशारा आला त्याच खिडकीतून उपाय करायचा नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी बरंच काही टळतं.

शंका राहिलीच तर विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडावं. मशीनवर कुठला अँटिव्हायरस अधिकृतपणे चालू आहे त्याचं नाव तिथे दिसतं. पडद्यावर ओरडणारं नाव त्यात नसेल, तर उत्तर बरंचसं मिळालं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. 'तुमच्या मशीनला काहीच संरक्षण नाही' ही धमकी त्यामुळे बहुतेक घरांत मुळातच खोटी असते.

आता काढण्याबद्दल. इशारा ब्राउझरमध्येच असेल तर मशीनला बहुधा काही झालेलं नसतं. त्या पानावरची फुली दाबू नये, कारण फुलीचं ते चित्रही एक बटणच असू शकतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरावं, नाहीतर ऑल्ट आणि एफ-४. तरी हलेना तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं तर नको म्हणावं. नोटिफिकेशनवाला प्रकार असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जावं. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते, अनोळखी नावं उडवावीत. एक्स्टेन्शनची यादीही त्याच बैठकीत तपासावी. एवढ्यासाठी मशीन फॉरमॅट मारायला देणारे लोक आहेत आणि एवढ्याच कामाचे पूर्ण पैसे घेणारेही आहेत.

प्रोग्राम प्रत्यक्ष मशीनवर बसला असेल तर काम वाढतं. आधी नेट बंद. कंट्रोल पॅनेलमधून तो निघत असेल तर काढून बघावा, पण अस्सल बनावट माल इतक्या सहज निघत नाही. २०११-१२ च्या सुमारास 'विन ७ सिक्युरिटी २०१२' यांसारख्या नावांनी आलेल्या मालाची करामत इथे सांगण्यासारखी आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, एक नोंद असते: ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, फाइल उघडायची कशी. ही मंडळी ती नोंद बदलून तिथे स्वतःचं नाव घालायची. मग तुम्ही वर्ड उघडा, ब्राउझर उघडा, खरा अँटिव्हायरस उघडा, आधी बनावट प्रोग्राम जागा व्हायचा आणि सांगायचा की तुम्ही उघडलेला प्रोग्रामच दूषित आहे. घाईने त्याची फाइल डिलीट केली तर आणखी पंचाईत, कारण नोंद तशीच राहायची आणि त्यानंतर एकही प्रोग्राम उघडायचा नाही. म्हणून आधी ती नोंद पूर्ववत करायची, मग फाइल काढायची. जाणकार लोक सफाईच्या टूलला मुद्दाम एक्सप्लोररसारखं विंडोजचंच नाव देऊन चालवायचे, म्हणजे बनावट माल त्याला अडवत नसे. काही प्रकार ब्राउझरच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये ढवळाढवळ करायचे. साफसफाईनंतर नेट चालत नसेल तर आजही तिथे आधी बघावं.

आजच्या विंडोजवर यासाठी दोन चांगल्या सोयी आहेत. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने सेफ मोडमध्ये जाता येतं. तिथे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालतं, म्हणून बनावट प्रोग्राम सहसा झोपलेला राहतो. दुसरी सोय डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनची. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये तो पर्याय असतो. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच स्कॅन होतं, साधारण पंधरा मिनिटांत. त्याशिवाय दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स एकदा चालवावं. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सफाईची मोफत टूल्स देतं. विकतचा अँटिव्हायरस घ्यायचा तर क्विक हीलसारखी आपल्या पुण्यात वाढलेली कंपनीही आहे. फक्त माल तिच्या साइटवरून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्यावा, कारण नामांकित नावांच्याच नकला जास्त होतात. दुरुस्तीवाला 'क्रॅक अँटिव्हायरस टाकून देतो' म्हणाला तर ठाम नकार द्यावा. ज्या दारातून हा माल आत येतो, तेच दार तो उघडून देत असतो.

कुणाला मशीनचा रिमोट दिला असेल तर स्कॅन स्वच्छ आलं म्हणून थांबू नये. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर यांतलं जे काही टाकलं असेल ते काढावं. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलावेत. त्या माणसाने बराच वेळ मशीन हाताळलं असेल तर फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाकलेलं बरं; इथे फॉरमॅटची खरी गरज असते.

पैसे गेले असतील तर आधी बँक, मग १९३०, आणि दोन्ही त्याच दिवशी. १९३० हा केंद्राचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहक स्वतः तपशील देऊन बसल्यामुळे नुकसान झालं तरी बँकेला कळवल्यानंतरच्या अनधिकृत व्यवहारांचा भार बँकेवर येतो. म्हणून पहिला फोन लवकर करण्याला खरी किंमत आहे. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावेत. २०२० च्या नियमांनुसार नवं कार्ड हाती येतं तेव्हा ते तसेही बंदच असतात. कधीतरी एखादी खरेदी करायला चालू केले आणि तसेच राहिले, असं घरोघरी आढळेल. 'वार्षिक रिन्यूअल'ची परवानगी दिली गेली असेल तर ती रद्द करायला सांगावी, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पैसे कापले जातात.

रक्कम हजार-दोन हजारांची असली की लोक सोडून देतात. सांता बार्बराच्या त्या हिशेबातल्या टोळ्या नेमक्या याच रकमांवर जगत होत्या. बँकेत व्यवहाराला हरकत नोंदवताना स्टेटमेंटवर छापून आलेलं व्यापाऱ्याचं नाव जसंच्या तसं लिहावं. पडद्यावर दिसलेल्या सॉफ्टवेअरच्या नावाशी ते बहुधा जुळत नाही. पैसे कुठल्या खात्याकडे आणि कुठल्या मध्यस्थाकडे गेले, हे त्या नावावरूनच शोधता येतं. इशाऱ्याचा स्क्रीनशॉट, फोन नंबर, आलेला ईमेल आणि बिल हे सगळं तक्रारीला जोडावं, आणि मशीन साफ करायला बसण्याआधीच ते बाजूला काढून ठेवावं, कारण सफाईत पहिलं तेच नाहीसं होतं.